सात वांव पाण्याखाली

मालवण, जि. रत्नागिरी
२ मार्च १९६४

चि. बंधू हरिश्चंद्र यास बायचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचून महिना झाला. उत्तराला उशीर झाला, कारण इथे एक वाईट गोष्ट घडली. माणसं सुखरूप आहेत हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

आमची इंजिनाची होडी बुडाली. गेल्या महिन्याच्या वीस तारखेला तुझे भावजी आणि होडीवरचा त्यांचा जोडीदार सत्यवान मासे घेऊन परत येत होते. सुकती होती, पाणी उतरलेलं. किनारा दिसत असताना होडी खडकावर घासली आणि तळाची फळी फुटली. पाव तासात ती खाली गेली. दोघे पोहत खडकावर चढले, तिथून रापणीचं जाळं टाकणाऱ्या होडीने त्यांना आणलं. होडी उलटी झालेली नाही, सरळ बसली आहे. पाणी निवळ असलं की वरून तिचा आकार दिसतो. सत्यवानाने दोरीला शिसं बांधून खोली मोजली, सात वांव भरली, म्हणजे बेचाळीस फूट.

गावातलं ते पहिलं इंजिन. ते आलं त्या दिवशी लोक किती बघायला जमले होते ते मी तुला लिहिलं होतं. आता तुझे भावजी रोज सकाळी वल्ह्याची लहान होडी घेऊन जातात आणि त्या जागेवर थांबून बसतात. होडी जाऊ दे, इंजिन तेवढं सोडवून आणू म्हणतात. सत्यवान दम धरून दोनदा खाली जाऊन इंजिनाला हात लावून आला. पण त्याला आठ बोल्ट आहेत आणि खाली दम पुरतो जेमतेम अर्धा मिनिट.

म्हणून त्यांनी एक युक्ती काढली आहे. बाजारातल्या तांबटाकडून तांब्याचा हंडा घेतला आहे. त्याला पुढून काच बसवायची, तो डोक्यावर उपडा घालून मानेशी रबराने घट्ट बांधायचा आणि वरून नळीने हवा भरायची. हवा भरायला कसालच्या गॅरेजातला मोटारीच्या चाकांचा पंप मिळणार आहे. मला म्हणाले, "हरिश्चंद्राक इचार, नळी किती जाड व्हयी." तू गेली सात वर्षं नेव्हीत पाणबुड्याचं काम करतोस, तेव्हा नीट कळव.

तू तीन गणपतींना आला नाहीस. नेव्हीत रजा इतकी कठीण असते का?

तुझी बाय
सुगंधा

कोचीन
११ मार्च १९६४

ती. बायस हरिश्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र भावजींना वाचून दाखव.

भावजी, नळी किती जाड ते मी लिहिणार नाही, कारण हंडा घालून तुम्ही खाली जाऊ नये असं माझं सांगणं आहे. का ते लिहितो.

साडेपाच वांव खाली गेलं की आपल्या अंगावरचा भार दुप्पट होतो. सात वांवांवर नुसत्या छातीवर तीस मणांहून जास्त पाणी दाबत असतं. माणूस त्याने चिरडत नाही, कारण आपलं मांस म्हणजे बरंचसं पाणीच आणि पाणी दाबून लहान होत नाही. पण जिथे हवा असते ती जागा दबते. कान, नाक, छाती. आमचे बाबा अडकलेले नांगर सोडवायला दहा वांव जायचे आणि पुढे एका कानाने बहिरे झाले. आम्ही समजलो की वय झालं. इथे येऊन शिकलो तेव्हा मला कळलं की त्यांचा पडदा कधीच फाटला होता.

हंड्यातली हवा खालच्या पाण्याच्या जोराने भरलेली लागते. पंप थांबला किंवा वर नळी सुटली, तर ती हवा नळीतून वर निघून जाईल. मग हंडा मानेशी बांधलेला आणि आत हवा नाही. सात वांवांचं पाणी तुमचं अंग त्या हंड्यात ढकलू लागेल. आमच्या टोपाला यासाठी एक झडप असते, ती हवा परत जाऊ देत नाही. तुमच्या हंड्याला ती नाही.

हल्ली माझ्याकडे दिवे आणि खोली मोजायची यंत्रं तपासायचं काम आहे. एका लोखंडी टाकीत पाणी भरून त्यावर भार चढवतो आणि बघतो काय टिकतं. परवाच एका दिव्याची बोटभर जाड काच आतल्या बाजूला फुटली.

विश्वास बसत नसेल तर एक करून बघा. रॉकेलचा रिकामा डबा झाळून बंद करा, दगड बांधून सात वांव खाली सोडा आणि वर ओढा.

बाय, रजेचं पुढच्या वेळी लिहितो.

तुझा
हरिश्चंद्र

मालवण
२४ मार्च १९६४

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

तू सांगितलंस तसा डबा सोडला. मी स्वतः होडीत होते. तीन वांव दोरी गेली तेव्हा खालून एक ठोका हाताला लागला. पूर्ण सोडून वर घेतला तर डब्याच्या चारही बाजू आत येऊन एकमेकींना चिकटल्या होत्या. मी तो हातात घेतला आणि तुझ्या भावजींपुढे धरला.

त्यांनी तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "डब्यात हाडां नाय. माझ्यात हाडां आसत."

मी म्हटलं, हरिश्चंद्र उगाच लिहील का. तर म्हणाले, "तो नेव्हीतलो माणूस. सरकारान तेका पुस्तक बघून पाण्यात उतरूक शिकवला. तुझो बापूस खंयचा पुस्तक वाचून जाय होतो?"

त्यांचंही थोडं लिहिते, नाहीतर तू त्यांना नुसते हट्टी समजशील. सगळी होडी वर काढायची तर चार मोठ्या होड्या लागतात आणि मासेमारी चालू असताना कोण होड्या देणार? मे अखेर सगळे मोकळे होतील. पण तोवर खाऱ्या पाण्यात इंजिन सडून जाईल, ही त्यांना धास्ती. रात्री झोपेत कूस बदलताना सुद्धा बोल्ट मोजतात.

हंड्याला काच बसली आहे. तांबटाने काम सुबक केलं आहे. पंप पुढल्या आठवड्यात कसालहून येतो. तुझं ऐकून मानेला रबर जरा सैल बांधणार आहेत, आणि नळी सुटलीच तर हंडा टाकून दम धरून वर येणार, असं म्हणतात.

आणखी काही लिहिण्यासारखं असेल तर लवकर लिही.

तुझी बाय

कोचीन
१ एप्रिल १९६४

ती. बायस नमस्कार.

आज तार केली आहे, "थांबा" म्हणून. ती पोचली असेल. हे पत्रही त्यांच्यासमोर मोठ्याने वाच, माझ्यासाठी काही गाळू नकोस.

तीन वर्षं मी तुला खरं लिहिलेलं नाही. मला रजा मिळत होती. मीच घेत नव्हतो.

१९६१ च्या जानेवारीत आम्ही एक टॉर्पेडो शोधत होतो. सरावाचा होता, त्यात दारू नसते, नेम शिकून झाला की तो परत आणतात. हा बुडून तळाला गेला होता. अठरा वांव पाणी. तिथे वीस मिनिटं राहायचं, मग वर येताना ठरलेल्या जागी थांबत थांबत यायचं, असा आमचा तक्ता असतो. वर दोरी माझ्या जोडीदाराच्या, वर्गीसच्या हातात होती. वीस मिनिटं झाल्यावर त्याने वर येण्याची खूण म्हणून चारदा दोरी ओढली. मी उलट खूण केली, अजून थोडं. त्याने पुन्हा ओढली, मी पुन्हा तेच केलं. मला वाटत होतं की टॉर्पेडो मलाच सापडणार. आणि सापडला. गाळात नाक खुपसून पडला होता. मी त्याला तार अडकवली तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. मग थांबायच्या जागा सोडून मी सरळ वर आलो, कारण केव्हा एकदा सांगतो असं झालं होतं.

भाराखाली आपण घेतो ती हवा रक्तात मुरते. गोटीच्या सोड्यात वायू मुरलेला असतो तशी. हळू वर आलं तर ती श्वासाने निघून जाते. एकदम आलं तर रक्तातच बुडबुडे धरतात.

डेकवर आलो तेव्हा मला काहीच झालं नव्हतं. चहा घेतला. हसत होतो. मग खांद्यात कळ आली, आणि उठायला गेलो तर डावा पाय जागेवर नाही असं वाटलं. मला लोखंडी पेटीत घालून पुन्हा तेवढाच हवेचा भार चढवला आणि अडतीस तास हळूहळू उतरवला. हात सुधारला. पाय गुडघ्यापर्यंत परत आला. त्याखाली मला काही कळत नाही. चप्पल निसटली तर मागून कोणी हाक मारून सांगावं लागतं. मी पाय ओढत चालतो. त्या दिवसानंतर मी पाण्यात उतरलेलो नाही. वर्कशॉपात बसून दिवे तपासतो ते त्यामुळे.

वर्गीसची काही चूक नव्हती. तक्ता बरोबर होता. चूक माझी.

भावजी, तुम्हाला फसवणार नाही. सात वांवांवर माझ्यासारखं होईलच असं नाही, तेवढ्या खोलीवर रक्तातली हवा सहसा छळत नाही. पण तुम्ही जे म्हणता, हंडा टाकून दम धरून वर यायचं, त्यानेच माणूस मरतो. सत्यवान वरून दम घेऊन जातो, त्याची हवा खाली दबते आणि वर येताना होती तेवढीच होते. तुम्ही दम घेणार खाली, भाराच्या हवेचा. तो धरून वर आलात तर छातीतली ती हवा दुपटीहून मोठी होईल आणि फुप्फुस फाटेल. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

आणखी एक. इंजिन पूर्ण पाण्यात आहे तोवर हळू गंजतं. बाहेर काढून हवा लागली की झपाट्याने. त्याला दोन महिने राहू द्या.

मी घरी का आलो नाही, तर एस.टी. स्टँडपासून घरापर्यंत सगळा बाजार लागतो.

हरिश्चंद्र

मालवण
१३ एप्रिल १९६४

चि. हरिश्चंद्र,

तुझी तार दोन तारखेला आली. तुझे भावजी म्हणाले, "थांबा म्हणता. किती थांबाचा, ता लिवक नाय." तरी ते चार दिवस थांबले.

सहा तारखेला सकाळी त्यांनी पंप होडीत चढवला. मी अडवलं नाही. अडवून ते ऐकत नाहीत, तेव्हा निदान काठावर असावं म्हणून खाली निघाले, तर वाटेत पोस्टमन भेटला. तुझं पाकीट मी तिथेच फोडलं. पहिल्या चार ओळी वाचल्या आणि धावत गेले. होडी पाण्यात लोटली होती. हे आत बसले होते, हंडा मांडीवर.

मी गुडघाभर पाण्यात गेले आणि म्हटलं, हरिश्चंद्राचं पत्र आहे. म्हणाले, "सांजचा वाच." मी म्हटलं, आत्ता वाचते. होडीची कड एका हाताने धरून मी वाचलं. मध्ये मला दोनदा थांबावं लागलं. सत्यवान वल्हं धरून खाली मान घालून बसला होता.

संपल्यावर हे म्हणाले, "तां पायाचा परत वाच." मी परत वाचलं.

"खंयचो पाय?"

"डावो."

मग यांनी हंडा उचलून सत्यवानाच्या हातात दिला, उतरले, आणि दोघांनी होडी परत वर ओढली. दुपारच्या गाडीने सत्यवान पंप कसालला देऊन आला.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. दिवेलागणीला पडवीत बसून म्हणाले, "तीन वर्सां ह्यान कोणाक सांगूक नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "तेका लिव. मे म्हयन्यात होडये मोकळे होतत. आमी दम धरूनच जाव, पण वर दोरी धरूक माणूस व्हयो. येवक सांग."

आता माझं. मला तुझा राग आला आहे. मी तुझी थोरली बहीण, आणि तुझ्या पायाची बातमी मला एका इंजिनामुळे कळावी. तू पेटीत अडतीस तास होतास तेव्हा मी इथे काय करत होते ते आठवून बघितलं. आठवलं नाही. तेच जास्त लागलं.

बाजार बघेल तर बघू दे. मी स्टँडवर येते.

बाय

कोचीन
२२ एप्रिल १९६४

ती. बायस नमस्कार.

तुझं पत्र तीन दिवस खिशात ठेवलं. रजेचा अर्ज काल दिला. २२ मेला संध्याकाळच्या गाडीने येतो.

भावजींना सांग, २६ मेला पुनव आहे. त्या उधाणाला पाणी वांवभराहून जास्त चढतं. सुकती पुरी उतरली की चार होड्या बुडलेल्या होडीवर आणायच्या, तिच्या पुढच्या आणि मागच्या कडीला दोर बांधून ते ताणून घट्ट करायचे आणि भरतीची वाट बघायची. वरच्या होड्या चढतील तशी ती तळ सोडेल. मग ती किनाऱ्याकडे न्यायची, टेकेल तिथे टेकू द्यायची, आणि पुढच्या सुकतीला दोर पुन्हा ताणायचे. सहा-सात भरत्यांत काठाला येईल. खाली जायचं काम फक्त गाठी मारायला. ते सत्यवान आणि भावजी आलटून पालटून करतील. कोण किती वेळ खाली राहील ते मी ठरवीन, एवढं मात्र आधी कबूल करा.

इंजिन लगेच धुवायला चार पिंपं गोडं पाणी आणि तेल काठावर तयार ठेवा.

मी कपडे कमी आणतो. उचलून चालायला जड होतं.

हरिश्चंद्र

मालवण
१४ जून १९६४

चि. हरिश्चंद्रास तुझ्या भावजीचो, लवूचो आशीर्वाद.

माका लिवची सवय नाय. सुगंधा म्हणता, ह्या तुमीच लिवा.

तू होडी काठाक लावन गेलंस, तेच्या मागसून इंजिन आणखी तीनदा गोड्या पाण्यान धुतला आणि तेल घातला. गुरवारी मिस्त्री इलो. हांडल मारल्यान तर फिराक लागला, पण पेटना नाय. तेलाचो पंप खराब झालो. नवो मुंबैसून येतलो. बाकी इंजिन बरां आसा म्हणता. होडयेक तीन फळये नवे घालूचे आसत. आता पावस पडता, घाई नाय.

दुसरा लिवचा ता ह्या. होडी काढतानाच्या पयल्या दिवशी सत्यवान खाली होतो आणि तू मोजीत होतस, चाळीस झाले आणि दोरी वडलंस. मागची गाठ अर्धी रवली. सत्यवान वर इलो तो वोकलो आणि तू म्हणालंस, आज आता कोण खाली जावचो नाय. भरती फुकट गेली. चार होडये, वीस माणसां बसान रवली. मी तुका तोंडार काय बोलूक नाय, पण मनात गाळी घातलंय. म्हटलंय, हेचो पाय गेलो तसो धीर पण गेलो.

परवा सत्यवान पडवीत बसललो तेव्हा सांगूक लागलो. म्हणालो, "लवूदादा, दोरी वडली तेव्हा माका वर येवचाच नव्हता. गाठ सुटली हातातसून तरी माका काय वाटूक नाय. खाली बरां वाटी होता. होडयेकडे बघीत बसललंय."

ह्या तेणा तुका सांगूक नाय, लाज वाटली. म्हणान मी लिवतंय. तेचो झील आता दोन वर्सांचो. तेका मी बघतंय तेव्हा तू दोरी वडलंस तेची याद येता.

गाळी घातलंय त्या मी परत घेतंय.

लवू

कोचीन
२९ जून १९६४

ती. बायस आणि भावजींना हरिश्चंद्राचा नमस्कार.

भावजींचं पत्र मिळालं. सत्यवानाला सांगा, लाज वाटण्यासारखं काही नाही. दम संपत आला की डोक्याला हवा कमी पडते आणि माणसाला बरं वाटू लागतं. त्याने भिऊन धडपड केली असती तर मला वर कळलं असतं. दोरी अगदी शांत होती, म्हणूनच मी ओढली. आणि मलाही त्या वेळी खात्री नव्हती. वीस माणसं माझ्याकडे बघत होती तेव्हा मला वाटलं की मी घाबरूनच ओढली.

परत आल्यावर मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, दिवे कोणीही तपासील, मला नव्या मुलांना दोरी धरायला शिकवू द्या. ते म्हणाले, तुझं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, मुलं विचारतील. मी म्हटलं, विचारू द्या, सांगेन. ऑगस्टपासून ते काम मिळालं आहे. वर्गीस आता दुसऱ्या जहाजावर असतो, त्यालाही पत्र टाकलं. तीन वर्षांत त्याला एक ओळ लिहिली नव्हती.

बाय, तू स्टँडवर आलीस आणि माझी पेटी घेऊन माझ्यापुढे न जाता माझ्याच चालीने बाजारातून चाललीस. लोक थांबून विचारत होते आणि तू प्रत्येकाला सरळ सांगत होतीस, "पाण्याखाली इजा झाली, डावा पाय." तिसऱ्या दुकानापर्यंत मला घाम फुटला होता. त्यानंतर नाही.

एक गोष्ट मी तुला तिथे सांगितली नाही. निघायच्या दिवशी तुम्ही उठायच्या आधी मी खाली किनाऱ्यावर गेलो होतो. पाणी अगदी संथ होतं. लेंगा गुडघ्याच्या वर खोचला आणि आत गेलो, मग कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. डाव्या पायाला वाळू कळत नव्हती, गार पाणीही गुडघ्याच्या वर आलं तेव्हाच कळलं. तरी मी पुढे गेलो. पाणी गळ्याशी आलं तेव्हा अंग हलकं झालं आणि पाय टेकायची गरज राहिली नाही. मी खडकापर्यंत पोहत गेलो, त्याला हात लावला आणि परत आलो.

पाण्यात मी लंगडत नाही, बाय.

तुझा
हरिश्चंद्र